विषाणू नमुन्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण

विषाणू नमुन्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणजे एका देशात आढळलेले विषाणू किंवा त्यांची जनुकीय माहिती रोगनिदान, लसी व औषधे यांच्या विकासासाठी इतर देशांतील प्रयोगशाळांना उपलब्ध करून देणे होय. नमुना देणाऱ्या देशाला त्यापासून होणाऱ्या लाभात वाटा कसा मिळावा, हा या विषयावरील कायद्याचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

२००७ मध्ये इंडोनेशियाने एच५एन१ (बर्ड फ्लू) विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. आपल्या नमुन्यांपासून परदेशी कंपन्यांनी बनवलेल्या लसी विकसनशील देशांना परवडत नाहीत, असा त्या देशाचा आक्षेप होता. त्यानंतरच्या वाटाघाटींतून २०११ मध्ये महामारी इन्फ्लुएन्झा सज्जता चौकट स्वीकारण्यात आली. तिच्यानुसार नमुने वापरणारे उत्पादक वार्षिक आर्थिक योगदान देतात, तसेच लसी किंवा औषधांचा काही भाग संघटनेसाठी राखून ठेवण्याचे करार करतात. ही चौकट फक्त महामारीची क्षमता असलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूंना लागू आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (स्थापना १९५२) जागतिक आरोग्य संघटनेच्या इन्फ्लुएन्झा जाळ्यातील राष्ट्रीय केंद्र आहे. या संस्थेने मार्च २०२० मध्ये सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथील गुहेतून वटवाघळांचे नमुने गोळा केले. त्यांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निपाह हा इन्फ्लुएन्झा विषाणू नसल्यामुळे त्याला वरील चौकट लागू होत नाही.

सूक्ष्मजीवांसह जैविक संसाधने परदेशी व्यक्ती वा संस्थांना मिळण्यासाठी भारतात जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शासनमान्य सहयोगी संशोधन प्रकल्पांना यातून सूट आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१० चा नागोया प्रोटोकॉल लाभवाटपाचे नियमन करतो. मात्र विषाणूंना आणि केवळ संगणकावर साठवलेल्या जनुकीय माहितीला तो कितपत लागू होतो, याबाबत मतभेद आहेत.

लाभवाटपाचे देशांतर्गत उदाहरण म्हणजे कोव्हॅक्सिन. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू भारत बायोटेकला देण्यात आला आणि निव्वळ विक्रीच्या ५ टक्के स्वामित्वशुल्क भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला देण्याचे करारात ठरले.

महामारी करार, २०२५

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. त्याच्या कलम १२ नुसार महामारीच्या काळात सहभागी उत्पादकांनी लसी, औषधे व निदान साधनांच्या उत्पादनापैकी २० टक्के संघटनेला उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य आहे. उत्पादनाच्या किमान १० टक्के देणगी म्हणून असावेत. तपशील स्वतंत्र परिशिष्टात ठरवायचे असून, ते स्वीकारल्यानंतरच करार स्वाक्षरीसाठी खुला होतो.