वढवाण्याचे पाणी आणि त्याचे दोन हक्कदार

डभोई म्हटले की आपल्या मंडळींना प्रथम आठवते ती १७३१ सालची बाजीराव पेशवे आणि त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई. आगगाडीचा नाद असलेल्यांना आठवते ती गायकवाडांची अरुंद मापाची गाडी, जी आरंभी बैल जुंपून चालविली जात असे. त्याच तालुक्यातील वढवाणा तलावाचे नाव मात्र, हिवाळ्यात पक्षी पाहावयास जाणारे हौशी लोक सोडले तर, फारसे कोणी घेत नाही. २०२१ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तो दाखल झाला, तेव्हा बडोद्यातील जुन्या घरांतून त्याची थोडी चर्चा झाली. या चर्चेत वढवाणा हा जणू निसर्गाने दिलेला तलाव आहे, असा सूर आम्हांस ऐकू आला. तो दुरुस्त करावा, एवढाच या लेखाचा पहिला हेतू.

वढवाणा हा पाटबंधाऱ्याचा तलाव आहे. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ गुजरातने ज्या रीतीने भोगला, त्याची मोजदाद जनगणनेत उतरली आहे. १८९१ मध्ये बडोदे संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात शिक्षण, ग्रंथालये आणि कलाभवन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण दुष्काळानंतरच्या दशकात संस्थानने शेताला पाणी देण्यासाठी जी कामे केली, त्यांचा उल्लेख चरित्रांतून घाईघाईने उरकला जातो. वढवाणा १९१० चा. कडी तालुक्यातील थोळचा तलाव १९१२ चा. दोन्ही शेतकऱ्यांसाठी बांधले गेले आणि दोन्ही आज रामसर यादीत आहेत.

वढवाण्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. चांदोदला नर्मदेस मिळणाऱ्या ओरसंग नदीवर जोजवा येथे बंधारा घालून पावसाळ्याचे पाणी कालव्याने तलावात आणावयाचे, आणि तेथून पाटांनी वीसाहून अधिक गावांच्या शेतांत सोडावयाचे, अशी ही योजना. भोवताली भात आणि गहू. पाऊस सरता सरता तलाव भरतो. भाताला शेवटचे पाणी लागते ते आश्विनाच्या आसपास, आणि पुढे रब्बीच्या गव्हासाठी पाण्याच्या पाळ्या सुरू होतात.

नेमके याच वेळी उत्तरेकडून पक्षी येऊ लागतात. कार्तिक-मार्गशीर्षात तलावावर मोठी लालसरी, लालसरी, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकदंब यांचे थवे उतरतात. मध्य आशियाच्या वाटेने येणाऱ्या ऐंशीहून अधिक जातींची येथे नोंद आहे. फाल्गुनात ते परत जातात. म्हणजे शेतकऱ्याला पाणी हवे असण्याचे महिने आणि पक्ष्यांना पाणी हवे असण्याचे महिने एकच. तंटा आहे तो एवढ्यापुरता. पण त्याचे स्वरूप बहुतेक लोक समजतात तसे नाही.

लोकांची समजूत अशी की तलाव जितका भरलेला, तितके पक्षी अधिक. ती अर्धीच खरी आहे. बुडी मारून खाणाऱ्या लालसरीला खोल पाणी चालते. थापट्याला उथळ पाणी लागते. तुतवार आणि चिखल्या यांना तर ओल्या गाळाचा काठ हवा, आणि हा काठ उघडा पडतो तो शेतकरी पाणी घेतो म्हणूनच. पाट सुटला की पातळी बोटाबोटाने खाली जाते, रोज नवा काठ उघडतो, त्यातले किडे आणि शिंपले पक्ष्यांना मिळतात. कोणी पाटाला कायमचे कुलूप घालून तलाव शिशिरभर काठोकाठ ठेवला, तर चिखलावर जगणारे निम्मे पाहुणे उपाशी परततील. नर्मदेचे कालवे या मुलखात आल्यापासून पाण्याची चणचण कमी झाली, याचा आनंद मानताना ही गोष्टही ध्यानात ठेवावयास हवी.

तेव्हा शेतीने पक्ष्यांना बोलावले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रश्न उरतो तो दोन गोष्टींचा: पाणी किती वेगाने उतरते, आणि शेवटी तळाशी किती उरते. दोन-तीन पाळ्या एकदम सोडल्या तर काठ वाळून भेगाळतो व खाद्य संपते. तळाचे पाणीही पंपांनी उपसले तर बदकांना रात्री विसाव्याला जागा उरत नाही, मासेही मरतात. दरवाजाच्या पातळीखालच्या पाण्याला अभियंते ‘मृत साठा’ म्हणतात. सिंचनाच्या हिशेबात ते नाव बरोबर असेल, पण तलावातले बहुतेक जीव उन्हाळा काढतात तो याच साठ्यावर. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. कदंब रात्री गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर उतरतात, आणि तो तोटा गावाचा असतो, दुर्बीण घेऊन आलेल्या आमच्यासारख्यांचा नव्हे.

ही वाटणी अगोदर ठरविली नाही तर काय होते, हे ग्वाल्हेरकरांना जवळच पाहावयास मिळाले. भरतपूरचे केवलादेव उद्यान रामसर यादीत १९८१ पासून आणि जागतिक वारशात १९८५ पासून आहे. त्याला पाणी मिळे ते अजान बंधाऱ्यातून, आणि त्या बंधाऱ्याला गंभीर नदीकडून. वर करौलीत पांचना धरण झाले. २००४ साली पाऊस ओढला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी उद्यानासाठी पाणी सोडण्यास विरोध केला आणि तळी कोरडी पडली. पुढे गोवर्धन नाल्यातून व चंबळेतून पाणी आणण्याच्या खर्चिक योजना कराव्या लागल्या. करौलीच्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. आम्हांस तसे करवत नाही. धरण बांधताना खालच्या पाण्याचा हक्क पक्का करून ठेवला असता, तर ती पाळी आली नसती.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरची कथा वेगळ्या वळणाची. सयाजीरावांचे जन्मगाव कवळाणे याच जिल्ह्यातले, म्हणून बडोदेकरांना तिचे थोडे अगत्य असावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील तो बंधाराही विसाव्या शतकाच्या आरंभीचा आणि सिंचनासाठीच बांधलेला. काही दशकांत तो गाळाने भरत गेला. सिंचन खात्याच्या दृष्टीने ते नुकसानच. पण त्याच गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. गाळ काढावा की ठेवावा, याचे उत्तर एका खात्याने एकट्याने देण्याचे दिवस तेथे संपले आहेत.

येथे कायद्यातील एक विसंगती सांगितली पाहिजे. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी, सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव ‘पाणथळ’ या व्याख्येतूनच वगळले. रामसर यादीत नाव असले तर नियम लागू होतात; म्हणून वढवाणा आणि थोळ वाचले. इंदूरचे सिरपूर व यशवंतसागर आणि शिवपुरीचे सख्यासागर हे होळकर-शिंद्यांचे तलावही २०२२ साली यादीत आल्यामुळे आत आले. पण त्याच राज्यकर्त्यांनी त्याच काळात बांधलेले जे लहान तलाव यादीबाहेर राहिले, त्यांवर तेच पक्षी उतरतात आणि त्यांना त्या नियमांचा आधार नाही. रामसर करार पाण्याचा वापर बंद करा असे सांगत नाही, सुज्ञपणे करा म्हणतो. वढवाण्याच्या शेतकऱ्याने यादीला भिण्याचे कारण नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

कोणत्या पंधरवड्यात पातळी किती खाली आणावयाची आणि किती पाणी तळाशी राखावयाचे, हे ठरवावयाचे तर पूर्वी ती कशी उतरत होती हे कळले पाहिजे. संस्थानी अमदानीत पाट सोडण्याच्या तारखा आणि तलावाची उंची रोज लिहून ठेवणारे कारकून व ओव्हरसियर पुष्कळ होते, आणि त्यांतले कित्येक आपल्याच घरांतले. त्या वह्यांतील काही दप्तरखान्यात असतील, काही माळ्यावर. ज्यांच्या घरी बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या आजोबा-पणजोबांचे कागद अजून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहावेत. त्यांत जोजवा, वढवाणा वा थोळ ही नावे आढळली तर मंडळाच्या कार्यालयात कळवावे. नकला करून मूळ कागद परत करण्याची हमी आम्ही घेतो.