वाझ, संत जोसेफ

(२१ एप्रिल १६५१–१६ जानेवारी १७११). गोमंतकीय रोमन कॅथलिक धर्मगुरू व संत. श्रीलंकेत डचांच्या बंदीमुळे विस्कळित झालेल्या कॅथलिक समाजाची त्यांनी पुनर्घटना केली. म्हणून त्यांना ‘श्रीलंकेचे प्रेषित’ म्हणतात. जन्म गोव्याच्या सासष्टी प्रांतातील बाणावली येथे, मातुलगृही. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे मूळचे सांकवाळचे. आईचे नाव मारिया द मिरांद. पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती झालेल्या सारस्वत ब्राह्मण घराण्यांपैकी हे एक होते आणि घरी कोकणी बोलली जाई. पोर्तुगीज भाषेचे प्रारंभिक शिक्षण सांकवाळला आणि लॅटिनचे बाणावलीस घेतल्यावर ते गोवा शहरात गेले. तेथे जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात व पुढे डोमिनिकन पंथीयांच्या संस्थेत त्यांनी तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला. १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. दीक्षेनंतर गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा नेम त्यांनी धरला. सांकवाळ येथे त्यांनी लॅटिनची शाळाही चालविली.

त्यांच्या आध्यात्मिक जीवनाची दिशा ५ ऑगस्ट १६७७ च्या एका पत्रावरून कळते. या दिवशी त्यांनी स्वतःला मरियामातेचा कायमचा दास म्हणून लिहून देणारे ‘दास्यपत्र’ स्वाक्षरीनिशी केले. गुलामांची खरेदी-विक्री उघडपणे चालणाऱ्या गोव्यात हा शब्द केवळ अलंकारिक नव्हता. ज्या अवस्थेची लोकांना घृणा वाटे, तिचेच नाव त्यांनी आपल्या भक्तीला दिले आणि पुढे वेष, अन्न व निवास या सर्वच बाबतींत ते तिला जागले.

१६८१ मध्ये गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना कानडा प्रांतात पाठविले. मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी इ. ठिकाणच्या ख्रिस्ती वस्त्यांत त्यांनी प्रार्थनास्थळे व शाळा उभारल्या आणि दास्यात पडलेल्यांना पैसे भरून सोडविले. तेथे दोन धर्माधिकारांचा झगडा चालू होता. पूर्वेकडील चर्चवर पोपच्या जुन्या सनदांनुसार पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार (पाद्रोआदो) होता. तर १६२२ मध्ये रोमने स्थापन केलेली धर्मप्रसार-परिषद (प्रोपागांदा) स्वतःचे बिशप नेमीत असे. वाझ गोव्याचे प्रतिनिधी असले, तरी रोमने नेमलेल्या बिशपशी त्यांनी आदराने वागून सामान्य ख्रिस्ती लोकांना या वादाची झळ शक्यतो पोहोचू दिली नाही.

१६८४ मध्ये ते परतले. संभाजी महाराजांच्या स्वारीने सासष्टी व बारदेश प्रांत नुकतेच हादरून गेले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये व्हाइसरॉयने कोकणीच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. याच सासष्टीत टॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण हा मराठी ग्रंथ रचला होता. त्याच भूमीत सात दशकांच्या आत देशी भाषा संशयास्पद ठरावी, ही राजसत्तेच्या धर्मनीतीची शोकांतिकाच म्हटली पाहिजे. एतद्देशीय धर्मगुरूंची स्थितीही याहून फारशी निराळी नव्हती. शिक्षण व दीक्षा मिळूनही यूरोपीय संन्यासी संघांचे दरवाजे त्यांना बहुधा बंद असत.

या पार्श्वभूमीवर जुन्या गोव्यातील ‘चमत्कारांचा क्रूस’ या चर्चमध्ये काही गोमंतकीय धर्मगुरू सामुदायिक जीवन जगू लागले होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांना येऊन मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख झाले. रोमच्या फिलिप नेरी यांच्या ‘ऑरेटरी’ची नियमावली या मंडळींनी स्वीकारली. संपूर्णतः एतद्देशीय धर्मगुरूंचा हा गोव्यातील आद्य संघ होय. मात्र त्यात प्रवेश ब्राह्मण ख्रिस्ती कुळांतील धर्मगुरूंपुरताच राहिला. यूरोपीयांच्या वर्णभेदाला उत्तर म्हणून उभी राहिलेली संस्था स्वतः जातिभेदातून सुटली नाही, हे तिच्या इतिहासातील मोठे वैगुण्य आहे आणि वाझ यांच्या गौरवपर चरित्रांत ते सहसा झाकले जाते.

सिलोनमधील (श्रीलंका) पोर्तुगीज सत्ता १६५८ मध्ये डचांनी संपुष्टात आणली होती. कॅल्व्हिनपंथी डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले व त्यांना आश्रय देणाऱ्यांसाठी जबर शिक्षा ठेवल्या. यूरोपीय धर्मगुरू तेथे उतरताच ओळखला गेला असता. सावळ्या वर्णाचा, लंगोटी नेसलेला गोमंतकीय मात्र मजुरांत मिसळून जाऊ शकत होता. गोव्यात जो वर्ण उन्नतीच्या आड येई, तोच येथे परवाना ठरला. १६८६ मध्ये संघाचे प्रमुखपद सोडून वाझ निघाले व जॉन नावाच्या सेवकासह तुतिकोरिनमार्गे १६८७ मध्ये जाफना भागात पोहोचले. वाटेतच जडलेल्या अतिसाराने ते मरणोन्मुख झाले होते. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत हिंडू लागले. ती माळ पाहून कोणाच्या मुद्रेवर ओळख उमटते, हे न्याहाळणे हीच त्यांची गुप्त कॅथलिकांचा शोध घेण्याची रीत होती. पुढे सिल्लालै गावी त्यांना आसरा मिळाला. रात्री मिस्सा, पापनिवेदन व बाप्तिस्मा आणि पहाटेपूर्वी दुसऱ्या गावाकडे प्रयाण, असा त्यांचा क्रम असे. तमिळ त्यांनी आत्मसात केली. डचांचा पाठलाग तीव्र झाल्यावर १६९० मध्ये ते कँडीच्या बौद्ध राज्यातील पुत्तलम येथे गेले.

१६९२ मध्ये ते राजधानी कँडी येथे पोहोचताच पोर्तुगीज हेर असल्याच्या संशयावरून राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. तेथे त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला आणि पहारा सैल झाल्यावर आवारातच झोपडीवजा प्रार्थनागृह उभारले. दुष्काळात राजाच्या सांगण्यावरून त्यांनी प्रार्थना केली व पाऊस पडला, ही कथा चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. इतिहासाच्या दृष्टीने अधिक निर्णायक प्रसंग १६९७ चा. कँडीत देवीची साथ उसळली तेव्हा रोग्यांना त्यांचे आप्तही सोडून जाऊ लागले. वाझ व त्यांचे भाचे जोसे कार्व्हाल्यो यांनी धर्म न पाहता रोग्यांना अन्न-औषध दिले, त्यांचे व्रण धुतले व बेवारस मृतांना मूठमाती दिली. या शुश्रूषेने राजाचा विश्वास दृढ झाला व त्यांच्या कार्याला राज्यात मोकळीक मिळाली. एका बौद्ध राजाने दिलेल्या या अभयामुळेच ख्रिस्ती डचांनी निषिद्ध ठरविलेला ख्रिस्ती पंथ बेटावर टिकला.

वाझ यांची शिकवण ग्रंथरूपाने फारशी नाही. ती त्यांच्या पत्रांतून व आचरणातून गोळा करावी लागते. प्रार्थनेवाचून केलेले श्रम पोकळ व सेवेवाचून केलेली प्रार्थना अपुरी, ही तिची मुख्य धारणा दिसते. धर्मगुरू दुर्मिळ असल्याने त्यांनी गावोगावी गृहस्थांना प्रार्थना चालविण्यास व मुलांना धर्मतत्त्वे शिकविण्यास तयार केले. धर्मगुरू महिनोन्‌महिने न फिरकला, तरी समाज टिकावा, हा त्यामागील हेतू. लोकांच्या भाषेत बोलण्याचा त्यांचा आग्रह याकोमे गोन्साल्व्हिश यांनी पुढे नेला. १७०५ मध्ये आलेल्या, मूळच्या दिवाडी येथील या धर्मगुरूंच्या रचनांनी सिंहली व तमिळ ख्रिस्ती वाङ्‌मयाचा पाया घातला. वाझ यांना बिशपपद देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले. आयुष्यात जे केले नाही, ते मरणसमयी साधणे कठीण, असा इशारा त्यांनी अंतकाळी सहकाऱ्यांना दिल्याचे परंपरा सांगते. ते कँडी येथे निवर्तले. त्यांच्या दफनाची नेमकी जागा आज ज्ञात नाही.

सेबाश्तियांव दो रेगो या गोमंतकीय ऑरेटरी-सदस्याने लिहिलेले त्यांचे पोर्तुगीज चरित्र १७४५ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केल्यावर गोव्याची ऑरेटरीही बंद पडली आणि त्यांच्या संतपदाचा पाठपुरावा करणारी संस्थाच उरली नाही. वसईचे गोन्सालो गार्सिया हे नागासाकी येथे १५९७ मध्ये हुतात्मा झाले व १८६२ मध्ये संत घोषित झाले. वाझ यांच्या वाट्याला हौतात्म्य न आल्याने चमत्कारांच्या पुराव्याची दीर्घ प्रक्रिया अटळ होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना ‘धन्य’ घोषित केले. दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल करून पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात त्यांना संतपद दिले. त्यांचा स्मृतिदिन १६ जानेवारी रोजी गोवा व श्रीलंका येथे पाळला जातो. सांकवाळ येथे त्यांचे तीर्थस्थान आहे.