औषध सापडले, पण दार उघडेना
अफूवर्गीय व्यसनाच्या उपचारांचा इतिहास

दर वर्षी २६ जूनला शाळाशाळांतून अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेऱ्या निघतात. मुले कवटीची चित्रे रंगवतात, घोषणा देतात आणि प्रमुख पाहुणे 'नाही म्हणायला शिका' असे सांगून जातात. हे सगळे योग्यच आहे. परंतु जो आधीच अडकला आहे त्याने कुठे जायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. नववीतल्या एखाद्या मुलाने धीर करून तो विचारला (कदाचित त्याचा मोठा भाऊच अडकलेला असेल), तर आपण काय उत्तर देणार? अफूवर्गीय पदार्थांपुरता या प्रश्नाचा इतिहास आम्ही इथे सांगणार आहोत. तो बराचसा अमेरिकेत घडला. त्यात औषधाचा शोध आहे आणि ते औषध रुग्णाच्या हाती पडू न देणारे नियमही आहेत.

आधी थोडे शरीरशास्त्र पाहू. अफूच्या चिकात मॉर्फिन असते. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन मिळते. आपल्याकडे 'गर्द' किंवा 'ब्राउन शुगर' म्हणून विकले जाते ते अशुद्ध, भेसळ केलेले हेरॉइन. मेंदूतील काही पेशींवर हे रेणू नेमके बसतील अशा जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात आणि त्यांचे अस्तित्व १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. अर्थात निसर्गाने या जागा खसखशीच्या बोंडासाठी राखलेल्या नाहीत! शरीर स्वतःच वेदनाशामक रेणू तयार करते, त्यांच्यासाठी त्या असतात. बाहेरून रोज मारा होऊ लागला की पेशी जुळवून घेतात. परिणाम कमी जाणवतो, मात्रा वाढवावी लागते. मग एखादे दिवशी पुडी मिळाली नाही की अंगदुखी, जुलाब, घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, झोपेचा पत्ता नाही. गर्द घेणारी मुले याला 'टर्की' म्हणतात.

टर्की आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. ओढ मात्र महिनोन्महिने राहते. इथे एक धोका आहे, तो शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. पदार्थ काही काळ सुटला की शरीराची सहनशक्ती कमी होते. अशा वेळी घसरलेल्या माणसाने जुनीच मात्रा घेतली, तर श्वसन मंदावून त्याचा मृत्यू होऊ शकतो. म्हणजे केवळ पदार्थ सोडवून घरी पाठवणे हा अर्धवट उपचार तर आहेच, कधीकधी तो जिवावरही बेततो.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने डॉक्टरांना आपल्या व्यवसायाच्या मर्यादेत मॉर्फिन लिहून देण्याची मुभा होती. ती मर्यादा कोणती, यावर वाद झाला. व्यसनी माणसाचे व्यसन चालू राहावे म्हणून मॉर्फिन देणे हा वैद्यकीय उपचारच नव्हे, असे १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या सुमारास काही शहरांनी नियंत्रित प्रमाणात औषध देणारे दवाखाने काढले होते. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे डॉ. विलिस बटलर असा दवाखाना चालवत. त्यांच्याकडचे बरेच रुग्ण कामधंदा करून राहत असत. केंद्रीय अधिकाऱ्यांच्या दबावाखाली १९२३ मध्ये तोही बंद पडला. इंग्लंडमध्ये मात्र रोलस्टन समितीने १९२६ मध्ये उलटा कौल दिला: ज्याला पदार्थ पूर्ण सोडता येत नाही, त्याला डॉक्टरने तो मोजून देणे हा उपचारच आहे. आजार एक, भाषा एक, निकाल मात्र दोन!

अमेरिकेने १९३५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे निम्मे रुग्णालय, निम्मा तुरुंग अशी प्रचंड संस्था उभारली. शेत, गोठा, कार्यशाळा सगळे तिथे होते. रुग्ण धडधाकट होऊन बाहेर पडत. पण १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनाकडे वळले होते.

लेक्सिंग्टनचा अनुभव घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वँडर आणि चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एकत्र आले. डॉ. मेरी जीन क्रीक याही त्यांच्याबरोबर होत्या. सुरुवातीला त्यांनी रुग्णांना मॉर्फिनच दिले. मात्रा वाढत गेली आणि रुग्ण दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत राहिले. मग त्यांना मेथाडोन देण्यात आले. हे जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेले वेदनाशामक. मॉर्फिनचा अंमल काही तासांत उतरतो, तर तोंडाने घेतलेल्या मेथाडोनचा एक दिवसभर पुरतो. ना चढ, ना टर्की. काही दिवसांत एक रुग्ण चित्रे काढू लागला आणि दुसऱ्याने पुन्हा शिकायला जाण्याचा विषय काढला. आम्हाला हा सगळ्या प्रयोगातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. पहिल्या २२ रुग्णांचा अहवाल १९६५ मध्ये छापून आला.

'एका व्यसनाऐवजी दुसरे' हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतला जातो. चष्म्याने डोळे बरे होत नाहीत, म्हणून आपण विद्यार्थ्याचा चष्मा काढून घेतो का? रोज मोजून औषध घेऊन कामावर जाणारा आणि रोज पुडीसाठी चोरी करणारा यांना एकाच शब्दात बसवणे आम्हाला पटत नाही.

औषध सापडले, पण १९७२ च्या नियमांनी ते खास परवान्याच्या दवाखान्यांत कोंडले गेले. रोज रांगेत उभे राहून परिचारिकेसमोर प्यायचे. ज्याचा दवाखाना तीस मैलांवर, त्याने नोकरी करायची केव्हा? मेथाडोन जास्त झाले तर जीवघेणे ठरते, त्यामुळे खबरदारी हवीच. पण २०२० मध्ये करोनाच्या साथीत स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेण्याची सवलत द्यावी लागली. २०२४ मध्ये ती कायम झाली.

दुसरे औषध ब्युप्रिनॉर्फिन. ते रिसेप्टरवर घट्ट बसते, पण त्याला अर्धवटच चालना देते. त्यामुळे ठरावीक मात्रेपुढे त्याचा श्वसनावरील परिणाम फारसा वाढत नाही. फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या कौटुंबिक डॉक्टरलाही हे लिहून देण्याची परवानगी दिली. काहींनी गोळ्या विरघळवून टोचून घेतल्या, हे खरे. पण १९९९ पर्यंत तिथले अतिमात्रेचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. अमेरिकेत मात्र २००२ पासून ते खास प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी घेतलेल्या डॉक्टरलाच देता येई, तेही आरंभी तीसच रुग्णांना. गंमत अशी, की व्यसन लावू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या लिहायला अशी वेगळी परवानगी लागत नव्हती. ही अट डिसेंबर २०२२ मध्ये उठली.

आपल्याकडे गर्द १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरले. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथला भर गटचर्चा, कुटुंबाचा सहभाग आणि बऱ्या झालेल्या मित्रांची साथ यांवर राहिला. परतल्यावर माणूस एकटा पडू नये, हे लेक्सिंग्टनला जमले नव्हते. ब्युप्रिनॉर्फिनची केंद्रे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात २००७-०८ च्या सुमारास आली. मुख्यतः सुईने पदार्थ घेणाऱ्यांसाठी, एचआयव्हीचा प्रसार रोखावा म्हणून. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांतून ते देण्यास सुरुवात केली. औषध आणि आधारगट यांपैकी एकाचीच बाजू घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. रुग्णाला बहुधा दोन्ही लागतात.

केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक तिच्यानुसार सुमारे ७७ लाख होते. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी वीसात एकालाच कधी उपचार मिळाले होते. अनेक जण पोलिसांच्या भीतीने येत नाहीत. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील ६४-अ या कलमाने, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम फेरीतल्या एखाद्या फलकावर लिहिलेले आम्ही अजून पाहिलेले नाही. त्या नववीतल्या मुलाला ते सांगता येईल. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाचा पत्ता आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही त्याला देता येईल.