शिट्टी, वाफ आणि नऊ बार

आमच्याकडे कॉफीचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं. "लग्नात मिळते ती काही खरी एस्प्रेसो नव्हे." म्हणणारा पंचविशीतला, पुण्यात नोकरी करणारा, घरी नुकतंच मशीन घेतलेला. ऐकणाऱ्या आत्या-मावशा गप्प बसतात. इतकी वर्षं हौसेने प्यायलो ते नकलीच होतं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं. मला ते बघवत नाही. त्यातून पाचगणीच्या घरात कॉफीसाठी काय घ्यावं, असं दोघातिघांनी मलाच विचारलंय. तेव्हा म्हटलं, एकदा मुळापासूनच बघू या.

पहिला प्रश्न, खरी एस्प्रेसो म्हणजे कुठली?

तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. ते एकदम पुष्कळ कॉफी काढायचं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली एकेका कपापुरती कॉफी काढायची युक्ती केली. देझिदेरिओ पावोनीने तिचे हक्क घेतले आणि १९०५ पासून यंत्रं बनवायला लागला. उभा बॉयलर, खाली जाळ, आत कोंडलेली वाफ, बाजूला नळ. दाब जेमतेम दीड बार (एक बार म्हणजे समुद्रकाठी हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा). पाणी कडकडीत उकळतं, त्यामुळे कॉफी करपट लागायची आणि वर सोनेरी सायही नसायची. तरी तिला सगळे एस्प्रेसोच म्हणत.

आता आपला कुकर आठवा. शिट्टी उचलते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. म्हणजे बेझेराच्या यंत्रात जो जोर होता, त्याच्या जवळपासचा जोर आपल्याकडे रोज डाळ-भात शिजवतोय! मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली १९५९ साली. त्यानंतर एकेक करत मराठी घरांत कुकर आले आणि वाफेची ताकद ओट्यावर येऊन बसली. पुढे शिट्टीच्या जागी बसवायची नळी बाजारात आली. कपात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालायचं, नळी आत बुडवायची, फुर्र असा आवाज, आणि फेसावर चॉकलेट पावडर. लग्नातलं मशीन म्हणजे याच नळीचा थोरला भाऊ.

मग आजची "खरी" कधी आली? दुसऱ्या महायुद्धानंतर. मिलानच्या अकिल्ले गाज्जियाने १९३८ मध्ये पहिलं पेटंट मागितलं होतं, पण त्याचं स्प्रिंग आणि दांडा असलेलं यंत्र कॅफेंमध्ये दिसू लागलं ते १९४७-४८ च्या सुमारास. त्यात पाणी ढकलायचं काम वाफेकडून काढून घेतलं आणि स्प्रिंगकडे दिलं. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि पाणी उकळतं असायची गरज उरली नाही. करपट चव गेली. भाजलेल्या बियांतला वायू आणि तेल त्या दाबाखाली मिसळून वर साय धरायला लागली. हीच क्रेमा. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या मशीनने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला, आणि नऊ बार हा दंडक झाला.

म्हणजे बघा, पहिली चाळीसेक वर्षं खुद्द इटलीत एस्प्रेसो वाफेचीच होती. एक फरक मात्र कबूल करायला हवा. इटलीत वाफेचा जोर कॉफीच्या पुडीतून पाणी ढकलायला वापरला, आपण तो दुधात सोडला. त्यांनी कॉफीचा अर्क काढला, आपण दूध फुलवलं. यंत्राचं घराणं एक, गायकी वेगळी.

आपण असं का केलं असेल? एक तर आपल्याकडे कॉफी मुळात दुधाचीच. पाहुणे आले की पातेल्यात पाणी, साखर, कॉफीची पूड, मग दूध आणि वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ. मुंबईत पेस्तनजी एदुलजी दलालांचा पोलसन हा ब्रँड लोण्याच्या आधी कॉफीसाठीच नावाजला होता आणि त्या कॉफीत चिकोरी मिसळलेली असायची. दुसरं कारण सरकारी. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. मळेवाल्याने स्वतःच्या नावाने बिया विकायची वाटच बंद. हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ मध्ये सगळ्यांसाठी उठलं. त्याच वर्षी बंगळूरला ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे निघालं, हा काही निव्वळ योगायोग नसावा. गंमत म्हणजे आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच. कर्नाटकातला रोबस्टा तिकडच्या मिश्रणांत क्रेमा दाट करायला जातो. शेजारच्या राज्यातल्या बिया इटलीला, आणि आपल्याला बरणीतली इन्स्टंट!

ज्यांच्याकडे ती नळीही नव्हती त्यांनी चमच्याने काम भागवलं. कॉफी, साखर आणि दोन थेंब पाणी, रंग फिका होईपर्यंत फेटायचं. २०२० च्या टाळेबंदीत हाच प्रकार कोरियातलं "दालगोना" हे नाव घेऊन जगभर फिरला. आमच्या मावशीचा हात त्यात केव्हाचा बसलेला होता.

आता पाचगणी. आपण सुमारे १३०० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे इथे पाणी साधारण ९५-९६ अंशांवरच उकळतं. डाळीला हे त्रासाचं, पण कॉफीला सोयीचं. कॉफीचे जाणकार ९० ते ९६ अंशांचं पाणी सांगतात. मुंबईवाल्याने उकळलेलं पाणी मिनिटभर निववावं, आपण सरळ फिल्टरमध्ये ओतावं.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली की कॉफीच्या बरणीत पुडीचा दगड होतो, आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं:

काळी कॉफी आवडत असेल तर मोका पॉट घ्या. आल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यात हा १९३३ साली जन्मला. दाब एक-दोन बारच, म्हणजे ही काटेकोर अर्थाने एस्प्रेसो नव्हे, पण दाट आणि जोरकस. गॅसवर चालतो, वीज लागत नाही. खालच्या भांड्यात पाणी वाफेच्या झडपेच्या खाली ठेवायचं, पूड दाबायची नाही, आच मंद, आणि गुरगुर ऐकू आली की उतरवायचं. पूड बिनचिकोरीची.

क्रेमाच हवी असेल तर नऊ बारचं मशीन. पण मग पैशाचा मोठा वाटा दळणाऱ्या यंत्रासाठी राखून ठेवा. अठरा ग्रॅम पुडीतून छत्तीस ग्रॅम कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत उतरायला हवी. पूड जाड असेल तर पाणी धो धो जातं, फार बारीक असेल तर अडतं. बिया ताज्या भाजलेल्या नसतील तर तो वायूच उरलेला नसतो आणि कितीही महागाचं मशीन साय धरत नाही. पावसाळ्यात बिया घट्ट डब्यात ठेवाव्यात आणि हव्या तेवढ्याच दळाव्यात.

आणि ज्यांना लग्नातलीच चव हवी, त्यांनी कुकरची नळी खुशाल वापरावी. फक्त एक ध्यानात ठेवा. शिट्टी काढून नळी लावली की दाब सोडणारी शिट्टी उरत नाही, सगळा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. तो धड असल्याशिवाय हे करू नये, आच मंदच ठेवावी, आणि वापरून झाल्यावर नळीतलं दूध लगेच धुवावं, नाहीतर भोक बुजतं. दूध साठ-पासष्ट अंशांच्या वर तापवू नये, भांडं हाताला सोसेनासं झालं की थांबावं. त्यापुढे फेस बसायला लागतो.

एक शेवटचं. पाचगणीत जिथे बघाल तिथे सिल्व्हर ओक आहेत. एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवणाऱ्या जॉन चेसनसाहेबांनी बाहेरून आणून लावलेल्या झाडांपैकी हे एक, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. कोडगू आणि चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यांवर सावली धरायला हेच झाड लावतात. तिथे ते कॉफीचं झालं, इथे ते पाचगणीचं झालं. आता त्याला कुणी परकं म्हणत नाही. आत्याच्या एस्प्रेसोचंही तसंच समजावं. शब्द इटलीचा, वाफ कुकरची, दूध आपलं. पुण्याच्या पोराने आपली नऊ बारवाली जरूर प्यावी, फक्त आत्यासमोर "खरी" हा शब्द गिळावा.

असो. तूर्तास इतकंच. पाऊस पडतोय, मोका गुरगुरायला लागलाय.