औरंगाबादची पाणचक्की : तिची उंची व तिचा काळ

औरंगाबाद (सांप्रतचें छत्रपती संभाजीनगर) येथें खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत जी पाणचक्की आहे, ती पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा मनांत धबधब्याचें चित्र घेऊन जातो. प्रत्यक्षांत तेथें कडा नाहीं व प्रपातही नाहीं. नदीकांठची जवळजवळ सपाट जागा, मशिदीसमोरचा लांबट हौद, आणि एका उंच भिंतीवरून त्यांत पडणारें पाणी, इतकेंच दृष्टीस पडतें. सपाट जागेंत ही उंची आली कोठून, व ती कोणीं आणि केव्हां आणविली, हे दोन प्रश्न प्रस्तुत टिपणाचा विषय आहेत. पहिल्याचें उत्तर बांधकामांतच आहे. दुसऱ्याचें जें उत्तर सर्वत्र दिलें जातें, तें मात्र तपासणींत टिकत नाहीं.

प्रथम रचनेविषयीं. पाणचक्कीचें पाणी शहराच्या उत्तरेकडील जटवाड्याच्या बाजूच्या उंच भूमींतून, जमिनीखालून घातलेल्या मातीच्या नळांनीं, कित्येक मैल आणलेलें आहे. उघड्या पाटानें पाणी आणिलें असतें, तर जमीन उतरेल तसतसें तेंही उतरून शेवटीं नदीच्या पातळीशीं येऊन ठेपलें असतें, व चक्की फिरविण्यास उंची म्हणून कांहीं उरली नसती. बंद नळाची गोष्ट वेगळी. त्यांत वाटेंतील घर्षणानें जातें तेवढें सोडल्यास उगमाची उंची कायम राहते. म्हणून शेवटीं तेंच पाणी भिंतीच्या पोटांतून आपोआप वर चढतें. तात्पर्य, येथील उंची जागेची नव्हे, नळाची आहे. ही विद्या त्या शहरास नवीन नव्हती. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें नहर आणून तिचा पाया घातलाच होता.

पाण्यापासून मिळणारी शक्ति ही पाण्याचें मान व पडण्याची उंची यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, सेकंदास १० लिटर पाणी ५ मीटरांवरून पडलें काय, किंवा १०० लिटर पाणी अर्ध्या मीटरावरून पडलें काय, हिशेबानें शक्ति सारखीच, म्हणजे सुमारें ४९० वॅट. परंतु वेग सारखा नसतो. पहिल्या पाण्याचा वेग सेकंदास सुमारें १० मीटर भरतो, तर दुसऱ्याचा ३ मीटरांच्या किंचित् वर. पाणचक्कीचें पात्यांचें चाक आडवें असून त्याचा उभा दांडा थेट वरच्या तळीस फिरवितो. मध्यें वेग वाढविणारें दंतचक्र नाहीं. अशा चाकास थोडें पण वेगवान् पाणी हवें असतें. रुंद, संथ नदी शेजारून वाहत असतां तिच्याकडे पाठ फिरवून दूरच्या झऱ्याचें पाणी आणण्याचा खटाटोप केला, त्याचें मर्म हें होय. येथें दळलेलें पीठ दर्ग्यांतील फकीर, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या अन्नास लागे. म्हणजे रोज पहांटे जात्यावर बसणाऱ्या कित्येक हातांचें काम या नळानें उचललें होतें.

आतां काळाचा प्रश्न. प्रचलित विधान असें कीं, निजामुल्मुल्क आसफजाहाच्या पदरचा सरदार तुर्कताजखान यानें इ. स. १६९५ मध्यें ही चक्की बांधिली, व पुढें सुमारें वीस वर्षांनीं जमील बेगखानानें हौद व कारंजीं केलीं. या एका वाक्यांतच विसंगति आहे. मीर कमरुद्दीन याचा जन्म १६७१ चा. १६९५ त तो चोवीस वर्षांचा होता. निजामुल्मुल्क हा किताब त्यास फर्रुखसियरानें १७१३ मध्यें दिला, व आसफजाह हा त्याहून पुढें, १७२५ मध्यें मिळाला. तेव्हां वर्ष व धनी या दोहोंपैकीं एकास सोडणें भाग आहे.

वर्ष राखावयाचें तर धनी बदलावा लागेल. कमरुद्दीनाचा पिता गाजिउद्दीनखान फिरोजजंग याच्या लष्कराशीं शाह मुसाफिरांचे गुरु बाबा पलंगपोश यांचा निकट संबंध होता. त्या वाटेनें १६९५ चें दान संभवनीय ठरतें. उलट पक्षीं, तुर्कताजखान हें नांव १७२७–२८ च्या निजाम–बाजीराव झगड्यांत निजामाचा सरदार म्हणून येतें. दाता हाच असेल, तर चक्कीचें काम शाह मुसाफिरांच्या पश्चात्, त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांच्या अमदानींत जाऊन पडतें, व हौदाचें सालही त्याबरोबर सरकतें. तुर्कताजखान हा किताब असल्यामुळें केवळ नामसादृश्यावर निर्णय देणें योग्य नव्हे. तथापि दुसरा पक्ष आम्हांस अधिक बळकट दिसतो. कारण दाता आणि त्याचा धनी यांचीं नांवें लोकस्मृतींत जोडीनें राहतात. साल तेवढें मागाहून चिकटतें.

या कामीं शाह महमूद यांनीं संकलित केलेला 'मल्फूजात-इ-नक्शबंदिया' हा फारसी ग्रंथ मुख्य साधन होय. तो हैदराबादेस हि. स. १३५८ मध्यें छापला गेला, व सायमन डिग्बी यांचें इंग्रजी भाषांतर २००१ मध्यें निघालें. मराठी अभ्यासकांनीं तो आपल्या दफ्तरांशीं ताडून पाहिला पाहिजे.

परंतु खरें साधन याहूनही साधें असेल. मातीचा नळ एकदां घालून सुटका होत नाहीं. एक सांधा फुटला कीं उंची गेली, उंची गेली कीं चक्की थांबली. त्यामुळें अशा नळामागें दुरुस्तीचा खर्च सतत लागलेला असतो, आणि खर्च म्हटला कीं कागद आला. चुना, खापरी नळ, बेलदारांची मजुरी व पाण्याचे तंटे यांचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. पाणचक्कीचा काळ ठरला, तर तो दात्याच्या स्तुतीवरून नव्हे, गवंड्याच्या हिशेबावरून ठरेल.