दूरच्या पडद्याची कुळकथा

विंडोजच्या लॅपटॉपवर बसून घरचा लिनक्स डेस्कटॉप चालवायला आज पैसे लागत नाहीत, आणि खटपटही फारशी करावी लागत नाही. मात्र ही सोय कुणी एका बैठकीत बेतलेली नाही. तिचे धागे अमेरिका, इंग्लंड आणि फिनलंड अशा तीन देशांत पोचतात. ज्यांनी ते विणले, त्यांच्यापैकी बहुतेकजण ‘विंडोजवरून लिनक्स’ हा प्रश्न सोडवायला बसले नव्हते.

सुरुवात एमआयटीतली. तिथे 1983 मध्ये डीईसी आणि आयबीएम यांच्या मदतीने ‘प्रोजेक्ट अथेना’ उभा राहिला. यंत्रे निरनिराळ्या घडणीची होती आणि विद्यार्थ्याला कुठल्याही यंत्रावर बसून आपले काम करता यायला हवे होते. बॉब शाइफलर यांनी 1984 मध्ये स्टॅनफर्डकडून आलेल्या ‘डब्ल्यू’ या विंडो-प्रणालीत फेरफार करून ‘एक्स’ तयार केली. जिम गेटिस त्यांच्या जोडीला होते. तिची अकरावी आवृत्ती 1987 मध्ये आली आणि पुढे लिनक्सचे डेस्कटॉप तिच्यावरच उभे राहिले. एक्समध्ये प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि ‘इथे रेघ ओढ, तिथे अक्षर काढ’ असे हुकूम नेटवर्कवरून तुमच्या समोरच्या यंत्राकडे येतात. दूरचा पडदा ही गोष्ट अशी लिनक्सच्या जन्माआधीच त्याच्या वाट्याला आली होती.

आवाराच्या आतल्या नेटवर्कवर हे झकास चाले. लांबच्या, मंद जोडणीवर मात्र प्रश्नोत्तरांच्या फेऱ्यांतच वेळ जाई. दुसरी अडचण याहून मोठी होती. जोडणी तुटली की प्रोग्रॅम बंद पडे आणि न साठवलेले काम जाई.

यावरचा तोडगा केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी रिसर्च लॅबमधून आला. तिथे नेटवर्कला जोडलेला, पेनने चालणारा ‘व्हिडिओटाइल’ नावाचा नुसता पडदा बनवला होता. त्याच्या अंगी स्वतःची बुद्धी जवळजवळ नव्हती. दुसऱ्या यंत्राने धाडलेले चित्र तो दाखवी, एवढेच. त्या प्रयोगातून ‘व्हीएनसी’ निघाली आणि 1998 मध्ये ती मुक्त स्रोत म्हणून खुली झाली. तिच्यामागच्या मंडळींत क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझरही होते. केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावून, कॉफी उरली आहे का हे जागेवरून पाहण्याची सोय 1991 मध्ये करणाऱ्यांपैकी ते एक. उठायचा कंटाळा संगणकशास्त्राला बराच फळलेला आहे.

व्हीएनसीने हुकूम पाठवणेच सोडून दिले. घरचे यंत्र आपल्या पडद्याचे पूर्ण चित्र स्वतःजवळ ठेवते आणि त्यातले बदललेले चौकोन तेवढे धाडते. उलट दिशेने येतात कळा आणि माऊसच्या हालचाली. लॅपटॉप बंद पडला तरी घरी काही बिघडत नाही. पुन्हा जोडा, कर्सर होता तिथेच लुकलुकत असतो. पहिली ओळखही अगदी थोडक्यात होते. सर्व्हर ‘आरएफबी 003.008’ अशी बारा बाइटांची ओळ पाठवतो आणि तिथून बोलणे सुरू होते.

नवख्याला हमखास गोंधळात टाकणारी गोष्टही याच इतिहासातून आली आहे. लिनक्सवर नेहमीचा व्हीएनसी सर्व्हर आतून एक्सचाच सर्व्हर असतो. तो खऱ्या पडद्याला हात न लावता स्वतःचा नवा, अदृश्य पडदा उभा करतो. खरा पडदा शून्य क्रमांकाचा, म्हणून नव्याला एक क्रमांक, आणि पोर्ट 5900 ऐवजी 5901. घरी उघड्या ठेवलेल्या खिडक्या लॅपटॉपवर दिसत नाहीत, त्या यामुळे. खरा पडदाच हवा असेल तर एक्स11व्हीएनसीसारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

विंडोजच्या बाजूची कथा धंद्याची आहे. मुळात विंडोज एनटीवर एका वेळी एकच माणूस बसे. सिट्रिक्स कंपनीने 1995 मध्ये ‘विनफ्रेम’ आणून एका सर्व्हरवर अनेकांना बसवले. मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये ते तंत्र परवान्याने घेतले आणि पुढच्याच वर्षी टर्मिनल सर्व्हरसोबत ‘आरडीपी’ ही दूरच्या पडद्याची बोली आणली. विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून, म्हणजे 2001 पासून, ती साध्या संगणकावरही आली. लिनक्सकरांनी ‘एक्सआरडीपी’ लिहून आपल्या यंत्राला ही बोली शिकवली. एक्सची जागा वेलँड घेऊ लागल्यावर नोम डेस्कटॉपने 2022 मध्ये आरडीपी थेट आपल्या सेटिंगमध्येच दिली. आज विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’मध्ये घरचा पत्ता टाकला की लिनक्स समोर येते.

राहिला प्रश्न या वाहतुकीच्या सुरक्षित रस्त्याचा. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. त्या काळी दूरच्या यंत्रात शिरायला वापरत त्या टेलनेटवरून पासवर्ड उघडाच जाई. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी सगळे संभाषण कूटबद्ध करणारी ‘एसएसएच’ लिहिली. एफटीपीचे पोर्ट 21 आणि टेलनेटचे 23, मधले 22 मोकळे होते. ते त्यांनी मागून घेतले. तिची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती 1999 मध्ये आली आणि 2018 पासून विंडोज 10 मध्येही ती मिळते. एसएसएचमधून दुसऱ्या पोर्टची वाहतूकही नेता येते. लॅपटॉपवरच्या 5901 मध्ये जे घातले ते कुलूपबंद होऊन घरच्या 5901 वर निघते.

हा शेवटचा धागा पुष्कळजण गाळतात, आणि फसतात. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात आणि चित्र उघडेच वाहते. आरडीपीचीही 2019 मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची भगदाड-चूक सापडली. जुन्या विंडोजवर तिच्यामुळे पासवर्डाशिवाय आत शिरता येई. म्हणून राउटरवर व्हीएनसीचे 5900 किंवा आरडीपीचे 3389 पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. एसएसएच ठेवा, तीही पासवर्डऐवजी किल्लीने उघडणारी, नाहीतर वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा. पडदा दाखवणाऱ्या प्रणाली विश्वासू माणसांच्या आवारासाठी जन्मल्या होत्या; इंटरनेट तसे आवार नाही.