पुण्याचं नाक आणि दुबईचा परवाना

इथे आल्यापासून गावाकडच्या फोनवर अधूनमधून एक प्रश्न हमखास येतो: "तिकडे प्लास्टिक सर्जन चांगले असतात म्हणे. कोणी खात्रीचा आहे का माहितीत?" कुणाला नाक सरळ करायचं असतं, कुणाला भाजल्याचे व्रण घालवायचे असतात. मी इंजिनियर माणूस, डॉक्टर फक्त पीएच.डी.पुरता! पण खात्री कशी करायची हा प्रश्न मात्र आपल्या पुण्याइतका जुना आहे.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचा पातळ साचा करून तो कपाळावर पसरला, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधली पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली आणि चिकटवली. चिकटवायला काय, तर आपला विड्यातला कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. ती तोवर जोडलेली का ठेवली? नव्या नाकाला रक्त मिळत राहावं म्हणून. तत्त्व आजही तेच आहे.

मुंबईच्या क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचं सविस्तर वर्णन छापून आलं, सोबत कावसजीचं चित्र. गंमत म्हणजे हे चित्र शस्त्रक्रियेनंतर तब्बल दहा महिन्यांनी काढलेलं होतं. आजच्या जाहिरातीतले 'आधी-नंतर'चे फोटो किती दिवसांनी काढलेले असतात, हे विचारून पाहा!

लंडनच्या कार्प्यूने हे ऐकून लगेच सुरी उचलली नाही. आधी मृतदेहांवर हात बसवला आणि १८१४ साली पहिल्या रुग्णाला हात लावला. १८१६ मध्ये त्याने आपल्या दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक छापलं. सुश्रुताने हेच आधी सांगून ठेवलं होतं. (त्याच्या पद्धतीत कातडी गालाची, पुण्यात कपाळाची.) वैद्याने शास्त्र शिकलेलं असावं, दुसऱ्याचं काम पाहिलेलं असावं, स्वतः सराव केलेला असावा (भोपळ्या-काकडीवर का होईना) आणि राजाची परवानगी घेतलेली असावी, मगच धंद्याला लागावं.

आता राजाची परवानगी म्हणजे परवाना, आणि इथे अमिरातीत तो कडक आहे. १९५१ साली दुबईत अल मक्तूम रुग्णालयाचं काम सुरू झालं, तेव्हा या किनाऱ्यावर दुसरं आधुनिक रुग्णालय नव्हतं. आज दुबईत आरोग्य प्राधिकरण, अबुधाबीत आरोग्य विभाग आणि शारजा वगैरेंसाठी केंद्रीय मंत्रालय परवाने देतं. आपल्या डॉक्टरची पदवी खरी आहे का, हे थेट त्याच्या विद्यापीठाकडे विचारलं जातं. दुबईची वैद्यकीय नोंदवही संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. नाव टाकलं की परवाना चालू आहे का, कोणत्या विषयाचा आहे आणि कोणत्या दवाखान्यापुरता आहे ते कळतं. तो 'विषय' नीट वाचा. तिथे 'प्लास्टिक सर्जरी' असेल तर ठीक. नुसतं जनरल प्रॅक्टिशनर असेल, तर पाटीवर 'कॉस्मेटिक' कितीही मोठ्या अक्षरात असो, शस्त्रक्रियेसाठी तिथून परत फिरा. हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या फ्लॅटवर स्वस्तात सुई टोचून देणारे तर थेट बेकायदा. भारतात असाल तर एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरीची आहे का ते बघा. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ साली डॉ. बालकृष्णन यांनी हा विभाग सुरू केला. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण काही कालचं नाही.

आता खरी मेख. कावसजीचं नाव आपल्याला माहीत आहे, पाहणाऱ्या दोन साहेबांचीही माहीत आहेत. ज्याने नाक बसवलं, त्याचं नाव त्या वर्णनात नाही. काम मात्र बारीकसारीक तपशिलासकट नोंदलेलं. आजच्या नोंदवहीत नेमकं उलट आहे. नाव, पदवी, क्रमांक सगळं आहे, पण हाताखालून गेलेली नाकं कशी निघाली, ते नाही. परवान्यामुळे जाब कुणाला विचारायचा ते कळतं, पण हात कसा आहे ते कळत नाही.

तेव्हा नोंदवही पाहून झाली की समोर बसून विचारायचं. हीच शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केलीत? वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? भूल कोण देणार? बिघडलं तर रात्री कोणत्या रुग्णालयात नेणार? आणि मी विमानाने मुंबईला परतल्यावर टाके कोण बघणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर फी वाचली म्हणायचं आणि उठायचं. नाक आपलं आहे, घाई त्याची.